डावीकडे कलणारी बोट

आमची बोट डावीकडे कलायची. फार नाही, दोन बोटं. पण टेबलावर अंडी ठेवली की ती गडगडत डाव्या काठाला जाऊन थांबत, आणि सात वर्षं रोज सकाळी ती पकडायला मीच हात लावून उभी असायचे, तेव्हा मला विचारा. रेफ टनिक्लिफने, म्हणजे आमच्या नाटक मंडळीच्या मालकाने, तळातल्या विटा तीनदा हलवून पाहिल्या. एका हिवाळ्यात बोट पाण्याबाहेर काढून तळही तपासून घेतला. गोदीतल्या सुताराने दोरी लावली, ओळंबा सोडला, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "बोट सरळ आहे साहेब. तुमची माणसं वाकडी असतील."

शेवटी सातव्या वर्षी आम्ही पोशाखांची मोठी पेटी बोटीच्या तोंडाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, उजव्या बाजूला ठेवली आणि तिच्यात पडद्यांची लोखंडी वजनं भरली. मग बोट सरळ झाली. आमची बोट चालवणारी थर्झामावशी सुकाणूपाशी उभी राहून आमची ही खटपट बघत होती. रेफ घाम पुसत म्हणाला, "या वाकड्या बोटीमुळेच ओवेनचं नाचताना पाऊल चुकतं." तर म्हातारी म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं," आणि पाइप पेटवला.

मी हेस्टर गारसाइड. मंडळीत चाळिशीच्या पुढच्या सगळ्या बायका मी करायचे, मधल्या वेळात हातपेटी वाजवायचे आणि पाच माणसांची भांडी वाटतील इतकी चौघांची भांडी घासायचे. रेफ नाटकं लिहायचा आणि खलनायक व्हायचा. ओवेन नावाचा वेल्श गडी बाकी सगळं करायचा, राजापासून गाढवापर्यंत. आणि चौथी थर्झा टॉली. ती नाटकात नव्हती, पण ती नसती तर आम्ही एका पबपासून दुसऱ्या पबपर्यंत पोचलोच नसतो. उन्हाळाभर आमचं तेच चालायचं. कालव्याने जायचं, पबच्या अंगणाशी बोट बांधायची, काठावर नाटक करायचं, टोपी फिरवायची, पुढे निघायचं.

मावशी आम्हाला बोटीबरोबर मिळाली. हे शब्दशः सांगतेय. एकोणसत्तर साली स्टॅफर्डशरमधल्या कालव्याच्या एका बंद पडलेल्या फाट्यावर रेफने ही 'प्रुडन्स' पाहिली. सत्तर फूट लांब, सात फूट रुंद, गवतात रुतलेली. विकणारा म्हणाला, बोटीबरोबर एक बाई येते. रेफला वाटलं थट्टा करतोय. पण मागच्या एवढ्याशा खोलीतून धूर येत होता, पितळेच्या मुठी लखलखत होत्या, आणि दारात काळं टोपडं घातलेली ठेंगणी बाई हातात सुरी घेऊन बटाटे सोलत होती. ती त्याच खोलीत जन्मली होती. बाप कोळसा वाहायचा, घोडा बोट ओढायचा. बाप गेला, घोडा गेला, धंदा गेला, ती राहिली.

"मी सुकाणू धरीन," ती रेफला म्हणाली. "पगार नको. दोन वेळचं खायला द्या, तंबाखू द्या. एकच सांगते, हार्कल हिलच्या बोगद्यातून बोट न्यायची नाही. बाकी म्हणाल तिथे नेते."

रेफने विचारलं, "का?"

"मला विचारलंत तर दुसरी बाई बघा."

दुसरी बाई कुठे मिळणार होती? तेव्हा सात वर्षं आम्ही हार्कल हिलला वळसा घालून गेलो. कधी कधी त्यापायी चार दिवस जास्त लागायचे. रेफ नकाशावर बोट ठेवून पुटपुटायचा, पण मोठ्याने बोलायची त्याची छाती नव्हती.

तिला लिहिता-वाचता यायचं नाही, पण कालव्याचं पाणी अडवणाऱ्या प्रत्येक लॉकचा दरवाजा ती पाठीवरून ओळखायची. कुठल्या दरवाजाला पाठ लावून रेटलं की तो कुरकुरतो, कुठला हट्टी आहे, कुठल्याच्या खाली वाळू साचते, सगळं तिला ठाऊक. बेकन ती काळा होईपर्यंत भाजायची. आम्हा नटांना ती 'बोलकी जनावरं' म्हणायची. त्रेचाळीस वर्षांच्या मला जगात 'पोरी' म्हणणारं ते एकच माणूस होतं, आणि मला ते आवडायचं, हे तिला कधी कळू दिलं नाही.

दोन गोष्टी मात्र मला सुरुवातीपासून खटकायच्या. एक म्हणजे ती बोट सोडून झोपत नसे. डिसेंबरात कालवा गोठला, आम्ही तिघं रेफच्या बहिणीकडे जाऊन शेकोटीपाशी पडलो, पण ही नाहीच आली. दुसरी म्हणजे बोटीच्या तोंडाशी डाव्या बाजूची हातभर जागा. तिथे ती काही ठेवू द्यायची नाही. बादली नाही, दोर नाही, वाळत घातलेले मोजे नाहीत. एकदा ओवेन पेपर घेऊन तिथे टेकला, तर म्हातारी सत्तर फूट चालत पुढे आली आणि म्हणाली, "ऊठ तिथनं. दाटी होते." ओवेन उठला. कोणाची दाटी होते, हे विचारायचं त्याला नंतर सुचलं.

शहात्तरच्या वसंतात रेफने ठरवलं की यंदा नाटक बोटवाल्यांचंच करायचं. मावशीला त्याने आठवडाभर तंबाखू पुरवला आणि तिच्याकडून जुन्या गोष्टी काढून घेतल्या. त्यातली एक अशी.

जुन्या बोगद्यांत घोड्याला वाट नसायची. घोडा डोंगरावरून जायचा, आणि बोट माणसांनी पायांनी न्यायची. तोंडाशी आडवी फळी टाकायची, तिच्यावर दोघांनी डोक्याला डोकं लावून उताणं झोपायचं, पाय दोन्ही बाजूंच्या भिंतींना लावायचे आणि अंधारात भिंतीवरून चालत राहायचं. याला ती 'भिंत चालणं' म्हणायची. झोपलेल्यांना पुढचं काही दिसत नाही, दिसतं ते फक्त मागे सुकाणूवर उभ्या माणसाला. बोगदा संपला की त्याने ओरडायचं, "उजाडलं, उतरा." ते ऐकेपर्यंत पाय भिंतीवरून काढायचे नाहीत. काढले तर बोट त्या बाजूला झुकते, आणि भिंत आणि बोट यांच्यामध्ये माणसाला पुरेल इतकी जागा नसते.

मावशीची थोरली बहीण, सेलिना, एकवीस सालच्या उन्हाळ्यात हार्कल हिलमध्ये अशी गेली. सतरा वर्षांची होती. डाव्या बाजूला ती, उजव्या बाजूला बाप, सुकाणूवर पंधरा वर्षांची थर्झा. "पाय घसरला," मावशी म्हणाली, आणि पाइप ठोकून रिकामा केला. तेव्हा कुठे आम्हाला तिची अट समजली. म्हणजे समजली असं वाटलं.

रेफने त्याचं नाटक केलं, पण शेवट गोड केला. पबच्या अंगणात लोकांनी रडावं, पण बियर सांडेपर्यंत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्या नाटकात बहीण वाचते. मी सुकाणूवरची धाकटी, ओवेन बाप, रेफ नेहमीसारखा खलनायक, आणि थोरलीचं काम कोणालाच नाही. तीन नटांत चौथा कुठून आणणार? "फळी डावीकडे रिकामी ठेवू," रेफ म्हणाला. "तू तिच्याशी बोल. लोक तिला बघतील." कंजूषपणाला कला म्हणायची हातोटी त्याच्याइतकी कोणाला नव्हती. पण खरं सांगते, पहिल्याच तालमीत रिकाम्या फळीकडे बघून बोलताना माझ्या अंगावर काटा आला. उत्तर येईल म्हणून मी मध्ये थांबायचे. ओवेनला तर मी थांबते तेवढा वेळ उत्तराला बरोबर पुरतो असं वाटायचं.

आता आमच्या धंद्यातला एक नियम सांगायला हवा. नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत कोणी म्हणत नाही. ते पहिल्यांदा म्हणायचं ते प्रेक्षकांसमोर. बघणारं कोणी नसताना नाटक पुरं केलं तर ते तिथेच मरतं, मग कितीही प्रयोग करा, मढंच नाचवायचं. त्यामुळे तालमीत तिथवर आले की मी किटलीच्या झाकणावर टिचकी मारायचे आणि आम्ही उठायचो.

मावशी रोज तालीम बघायची आणि रोज विचारायची, "मग? पुढे काय? उतरते का ती?"

"पहिल्या प्रयोगाला कळेल," रेफ म्हणायचा.

"एवढं काय त्यात. सांग की. उतरते का?"

"मावशी, नियम आहे."

"चुलीत गेला तुझा नियम," ती म्हणायची आणि सुकाणूकडे निघून जायची. कागद पुढ्यात पडलेला असायचा, पण तो तिला वाचता येत नव्हता. मला तेव्हा मौज वाटायची. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

त्या उन्हाळ्यात पाऊसच पडला नाही. जूनअखेर कालव्यांचं पाणी कमरेवरून गुडघ्यावर आलं आणि एकामागून एक लॉकना कुलपं लागली. आमचा पहिला प्रयोग ठरला होता तो हार्कल गावात, डोंगराच्या पलीकडे. वळशाची वाट बंद. उघडी वाट एकच, बोगद्यातून.

रेफने मला पुढे केलं. नाजूक कामं नेहमी माझ्या गळ्यात. मी चहा घेऊन मागे गेले आणि सांगितलं. तिने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाली, "असाच कोरडा उन्हाळा होता गं तोही." आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "नेते."

"नको असेल तर प्रयोग रद्द करू."

"नेते म्हटलं ना. किती दिवस ठेवायचं तिला."

मला वाटलं, ती बोटीबद्दल बोलतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आम्ही बोगद्यात शिरलो. सव्वा मैलाचा बोगदा. बाहेर अंग भाजत होतं आणि आत शिरल्याबरोबर तळघरासारखा गारवा. निम्मी वाट रेफने बसवलेलं इंजिन नीट चाललं. मग काहीतरी करकरलं आणि बंद पडलं. पाणी इतकं उतरलं होतं की तळाशी पडलेली कुणाची तरी जुनी गादी बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळली गेली होती, तारांसकट. रेफने हात घालून पाहिलं, हाताचं बोट कापून घेतलं, शिव्या दिल्या. बाहेर नेल्याशिवाय ती तार निघणार नव्हती.

"भिंत चाला," मागून मावशीचा आवाज आला. अगदी साधा, दार लाव म्हणावं तसा.

नाटकातली फळी होतीच. ती आडवी टाकली. ओवेन उजवीकडे झोपला, मी डावीकडे. मी का? रेफच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं आणि आयुष्यात ज्या ज्या ठिकाणी माणूस कमी पडतं तिथे मी असते, म्हणून. डोकं ओवेनच्या डोक्याला टेकवलं, पाय भिंतीला लावले. विटा ओल्या, बुळबुळीत. रेफ दिवा घेऊन मध्ये बसला, पण त्याचा उजेड छताशिवाय कुठे पोचत नव्हता.

सुरुवातीला बोट हलेचना. मग हलली. ओवेनच्या जाड बुटांचा धप धप आवाज उजवीकडून, माझ्या कापडी बुटांचा आवाज जवळजवळ नाहीच. पन्नासेक पावलं गेली असतील. तेव्हा मला ऐकू आलं की डावीकडे, माझ्या पावलांच्या किंचित पुढे, आणखी कोणीतरी चालतंय. तळाला खिळे मारलेल्या बुटांचा आवाज. टक, टक, टक. घाई नाही, दम लागलेला नाही. रोजचं काम करणारं माणूस चालतं तसं.

"तुझ्या बुटाला खिळे आहेत?" ओवेनने हळू विचारलं.

"नाहीत."

त्याने बूट आणखी जोरात आपटले. नंतर प्रत्येक पबात त्याने सांगितलं की तो प्रतिध्वनी होता. असेल. पण दोन नवशिके नट सत्तर फुटी बोट त्या वेगाने नेऊच शकत नाहीत, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. आम्ही थकलो, पाय नुसते भिंतीवर ठेवले, तरी बोट चालतच राहिली. मी घाबरले होते, खूप घाबरले होते, आणि तरी पाय काढायची हिंमत नव्हती. माझ्या डाव्या पोटरीला कोणाच्या तरी ओल्या घागऱ्याची कड लागते आहे असं वाटत होतं आणि तिकडे मान वळवायची नाही, एवढंच मी मनात धरून ठेवलं होतं.

मग छत उजळलं. विटांचा रंग दिसायला लागला, पाण्यावर पांढरा उजेड पसरला, माझ्या तोंडावर कोवळी ऊब आली. संपला बोगदा, सुटलो एकदाचे. मी एक पाय काढला आणि कोपरावर उठू लागले.

"पाय लाव," मावशी मागून ओरडली. "पाय लाव पोरी. ते भोक आहे, भोक. तोंड नाही."

मी पाय लावला. बोट माझ्या बाजूला झुकलीच होती, भिंत खांद्याला घासून गेली. वर पाहिलं तर डोंगराच्या माथ्यावरून विहिरीसारखं खोदलेलं हवेचं भोक होतं आणि त्याच्या टोकाला ताटाएवढं आभाळ. नेहमी त्या भोकातून पाणी गळत असतं, झडीसारखं, म्हणून ते लांबूनच ओळखू येतं. त्या उन्हाळ्यात ते ठणठणीत कोरडं होतं. उजेड सरळ खाली येऊन पाण्यात पडत होता आणि हुबेहूब बोगद्याच्या तोंडासारखा दिसत होता. आम्ही त्याखालून गेलो आणि पुन्हा अंधार झाला. टक, टक, टक.

खरं तोंड आलं तेव्हा आधी चिमण्या ऐकू आल्या. मग ऊन. छत संपलं, वर निळं आभाळ आलं. पाय लावायला भिंत उरली नाही. ओवेन उठून बसला आणि म्हणाला, "मावशी, मांड्या मोडल्या माझ्या." मी तशीच पडून राहिले, पाय हवेत. डावीकडचा आवाज थांबला होता. बोट आपोआप वाहत होती. मी मावशीच्या हाळीची वाट बघत होते, आणि मला पक्कं कळत होतं की तिची वाट बघणारी मी एकटी नाही.

हाळी आलीच नाही.

मी उठून मागे गेले. ती सुकाणूला दोन्ही हातांनी धरून उभी होती. डोळ्यांतून पाणी, तोंड उघडं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे आम्हाला माहीत होतं, पण आम्ही विचारत नव्हतो आणि ती सांगत नव्हती.

"मला उजेड दिसतो गं," ती म्हणाली. "पहिला भोकाचा, ते पाठ होतं. हा कसला, ते कळत नाही."

"बाहेर आलो मावशी. ऊन पडलंय."

"तेव्हाही मला असंच वाटलं होतं."

आणि मग तिने सांगितलं. सेलिनाचा पाय घसरला नव्हता. कोरड्या उन्हाळ्यात भोकातून पाणी गळत नव्हतं, थर्झाला ते तोंड वाटलं, आणि तिने हाळी दिली. उजाडलं, उतरा. बाप जुना माणूस, तो हलला नाही. सेलिना उठली. बहिणीने सांगितलं म्हणून उठली. बाप 'थांब' म्हणेपर्यंत बोट पुढे गेली होती, कोळशाने भरलेली.

"बाप सगळ्यांना म्हणाला, पाय घसरला. मला कधी एका शब्दाने बोलला नाही. मरेपर्यंत नाही. एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं." तिने बाहीने तोंड पुसलं. "मी तिला उतर म्हटलं आणि उतरायला तिथे जागाच नव्हती. मग ती उतरली कुठे, सांग मला."

 मी बोटीच्या तोंडाकडे पाहिलं. डाव्या बाजूची ती हातभर रिकामी जागा, आणि उजवीकडे आम्ही वजनं भरून ठेवलेली पेटी. सात वर्षं मी अंडी पकडत होते. 

"आज सांगायचं होतं तिला," मावशी म्हणाली. "पंचावन्न वर्षांनी नीट सांगणार होते. जीभच उचलली नाही. पुन्हा चुकलं तर?"

हे मी रेफला सांगितलं नाही. ते माझं नव्हतं सांगायला. तो हार्कलच्या पबच्या अंगणात बाकं मांडत होता आणि मला म्हणाला, "तोंड का उतरलंय? शेवटचं वाक्य पाठ आहे ना?"

"पाठ आहे," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी साडेसातला प्रयोग सुरू झाला. जुलैचं ऊन अजून काठावर होतं. चाळीसेक माणसं, कडेवर पोरं, हातात ग्लास. बोट त्यांच्या समोर बांधलेली, डावी बाजू काठाला, बोगदा मागे, फळी आडवी टाकलेली. मावशी नेहमीसारखी सुकाणूपाशी स्टुलावर बसली होती, मी तिच्या पुढ्यात लाकडाचं खोटं सुकाणू धरून. नाटक चांगलं रंगलं. ओवेनने बाप असा केला की पुढच्या रांगेतली एक बाई नाक पुसत होती. मग ते आलं. ओवेन फळीवर उजवीकडे, डावीकडे कोणी नाही, आणि सगळं अंगण माझ्या तोंडाकडे बघतंय.

बावीस वर्षांत मी एक वाक्य गाळलेलं नाही. तापात नाही, दारूत नाही, माझी आई गेली त्या संध्याकाळीही नाही. आणि तिथे मी तोंड मिटलं. ते वाक्य माझं नव्हतं. मी म्हटलं असतं तर पुन्हा एकदा भलत्याच माणसाने भलत्या जागी दिलेली हाळी झाली असती.

रेफ पडद्याआडून कुजबुजला. "उजाडलं." मग जरा मोठ्याने. मग त्याने मला अशी शिवी हासडली की पहिल्या बाकापर्यंत गेली असेल. मी मागे वळले आणि नाटकात नसलेलं विचारलं, "मावशी, तू बघ. उजाडलंय का?"

तिने मान वर केली. काय चाललंय ते तिला लगेच कळलं. तालमीतल्या त्या टिचकीच्या जागी काय आहे, ते कळलं. ती उठली. माझ्याकडे नाही, काठावरच्या लोकांकडे तिने तोंड केलं आणि विचारलं, "मला दिसत नाही नीट. खरंच उजाडलंय का?"

लोकांना ते नाटकातलंच वाटलं. कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरून एक दांडगा शेतकरी म्हणाला, "उजाडलंय, बाई. ऊन डोळ्यांत जातंय माझ्या."

"वर आभाळ आहे? सगळं? ताटाएवढं नव्हे?"

"सगळं आहे," नाक पुसणारी बाई म्हणाली.

मावशीने सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवला. आणि त्या म्हातारीच्या छातीतून पंधरा वर्षांच्या पोरीचा खणखणीत आवाज निघाला, पाण्यावरून बोगद्यापर्यंत गेला.

"उजाडलं, सेली. उतर आता."

क्षणभर काही झालं नाही. मग बोटीचं तोंड डावीकडून उचललं गेलं. काठावर माणूस उतरलं की उचललं जातं तसं. दोर ताणला आणि सैल पडला, पाण्याची एक लाट काठाला येऊन लागली, आणि सगळी बोट संथपणे उजवीकडे कलली. टपावरची किटली उजवीकडे घसरत गेली आणि पाण्यात पडली. फळीवरचा ओवेन पांढराफटक पडला होता. काठाच्या कोरड्या दगडांवर, जिथे तोंड टेकलं होतं तिथून चार पावलं ओली उमटली, आणि उन्हात वाळूनही गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोट कशी हलवली, म्हणून रेफला नंतर तिघांनी विचारलं, आणि त्याने धंद्याचं गुपित म्हणून मिशीत हसून घेतलं. माझ्याशी मात्र तो पुढे पंधरा दिवस बोलला नाही.

त्या रात्री मावशी पबच्या माडीवर झोपली. पलंगावर, पांढऱ्या चादरीत. सकाळी बोटीवर आली तेव्हा मी चहा करत होते. हात सवयीने टेबलाच्या डाव्या काठाशी धरलेला, आणि अंडी उजवीकडून पडून फुटलेली.

मावशीने दारातून फुटलेली अंडी पाहिली. मग तोंडाशी जाऊन डावीकडच्या त्या हातभर जागेवर बसली आणि पाइप भरू लागली.

"पेटी मधोमध घे गं," ती म्हणाली. "आता लागत नाही ती."

ओवेनने आणि मी पेटी मधोमध सरकवली.